सातव्या वासराची दोरी

"म्हातारी येते, वासरू पुसून कोरडं करते, आणि सातव्याला..."

डेअरीतला मापाडी इथवर आला आणि थोरली सून दुधाची किटली घेऊन दारात दिसताच गप्प झाला.

"सातव्याला काय?" तिने विचारलं.

"काही नाही वहिनी. पाऊस काय म्हणतो?"

पाऊस काय म्हणणार. अकरा दिवस तो एकच एक म्हणत होता. गोठ्यात घोटाभर चिखल, गोणपाटं वाळेनात, आणि गाईंनी मात्र ठरवून एकाच पंधरवड्यात व्यायचा घाट घातलेला. सहा व्याल्या होत्या. त्यातली तीन वासरं माणूस पोचायच्या आत पुसलेली सापडली, एवढं खरं होतं.

सासूबाईंना जाऊन वर्ष झालं होतं. हयातीत त्यांनी सुनेला वासराला कधी हात लावू दिला नाही. "तुझी गाठ बसत नाही," म्हणायच्या. आता मेल्यावरही लुडबुड करत असतील तर कमालच झाली.

ती परतली तेव्हा भर दुपारी अंधारून आलं होतं आणि काळी कण्हत होती. पहिल्या वेताची गाय. वासराचे पुढचे दोन खूर बाहेर येऊन अडकले होते.

"डॉक्टरांना फोन केला," धाकटा दीर म्हणाला. "ओढा उतरला की येतो म्हणतात."

"तोवर ही थांबते का? जा, शेजारच्या काकूंना बोलाव. आणि दोरी कुठंय?"

"आईलाच माहीत."

तीच तर गोम होती. वासरू ओढायची ती मऊ सुती दोरी कुणी गुरं बांधायला नेऊ नये म्हणून सासूबाई दर खेपेला नव्या जागी लपवायच्या. मरताना शेताचं, घराचं सगळं सांगून गेल्या, दोरीचं नाही. दीर काकूंकडे पळाला. थोरलीने मागच्या खोलीत पेंडीची पोती हलवली, पिंपात हात घातला, माळा उपसला. बाहेर काळीचा आवाज क्षीण होत चालला.

"अहो, आयुष्यभर टोचून बोललात," ती चिडून रिकाम्या खोलीला म्हणाली, "आता एक शब्द सांगा की."

ओल्या पोत्यांच्या वासात एकदम सासूबाई गुडघ्याला लावायच्या त्या मलमाचा वास आला. आणि गेला.

ती रिकाम्या हाताने गोठ्यात आली. वासराच्या दोन्ही पायांना दोरी बांधलेली होती. एक फास सांध्याच्या वर, दुसरा खाली, म्हणजे पाय दुखावत नाही. तिला आयुष्यात न जमलेली गाठ. दोरी मात्र ठणठणीत कोरडी.

विचार करायला वेळ नव्हता. काळीने कळ दिली की ती ओढायची, कळ थांबली की थांबायची. चौथ्या कळेला वासरू धपकन गवतावर आलं. हलेना. तिने नाकातोंडातला चिकटा काढला, नाकात काडी घातली, गोणपाटाने खसाखसा चोळलं. बऱ्याच वेळाने ते शिंकलं.

काकू आणि दीर धापा टाकत पोचले.

"झालं का गं?" काकूंनी वासरू पाहिलं आणि ओशाळल्या. "एक सांगते, रागावू नकोस. आधीची तीन मी पुसली. गाय ओरडली की मला घरात बसवत नाही. आणि डेअरीवर तुझ्या सासूचं नाव मीच घेतलं, गंमत म्हणून."

"धन्य आहे तुमची. आणि सातव्याचं?"

"सातव्याचं काय?"

थोरलीने मागे वासराकडे बोट केलं. "मग ही दोरी..."

"कुठली दोरी?"

तिने वळून पाहिलं. वासराच्या पायांवर दोरीचे वळ होते, वरखाली दोन-दोन. दोरी नव्हती. तिघांनी गवत उलटंपालटं केलं, चिखलात हात घातले.

"ठेवलीत पुन्हा लपवून?" थोरली अंधाराकडे पाहून पुटपुटली. "अजून दोन व्यायच्या आहेत..."

काकू तिला काही विचारणार होत्या. तेवढ्यात मागच्या खोलीत पेंडीचं पोतं कुणीतरी सावकाश सरकवलं.