पाचवा चौकोन

रत्नागिरीच्या उत्तरेला, खाडीवरच्या जांभ्याच्या टेकडीवर एक संशोधन केंद्र होतं. सन २०५१ च्या आश्विनात तिथली प्रमुख, डॉ. मृण्मयी सावर्डेकर, सकाळपासून एका यंत्राशी भांडत बसली होती. यंत्राचं नाव ओळखपट. रक्ताचा थेंब घातला, की शरीरातल्या पहारेकरी पेशींपैकी कोणत्या सध्या भराभर वाढताहेत, म्हणजे कोणत्या जंतूशी लढाई चालू आहे, ते पडद्यावर उंचवट्यांनी दिसायचं. साधं पडसं झालेल्या माणसाच्या पटावरही डोंगर उभे राहायचे. आज चाळीस रुग्णांचे पट समोर होते आणि चाळीसही भातखाचरासारखे सपाट!

"अरे, काहीतरी दाखव ना मेल्या!" मृण्मयी म्हणाली. यंत्र गप्प. यंत्रांचं हे बरं असतं.

खाडीकाठच्या खारेवाडीत महिनाभर एक विचित्र आजार पसरला होता. माणूस थकायचा, अन्न तुटायचं, पंधरा दिवसांत अंथरूण धरायचा. पण अंगाला हात लावावा तर गार. ताप नाही, सूज नाही, काही नाही. घरच्यांना वाटायचं, आळस भरलाय. जंतू रक्तात लाखांनी सापडत होता आणि शरीर त्याच्याकडे ढुंकूनही बघत नव्हतं. चार माणसं अशी बिनतापाचीच गेली होती.

चाळिसांतली एक ओवी भाटकर. बावीस वर्षांची, मृण्मयीचीच विद्यार्थिनी. खाडीच्या पाण्याचे नमुने आणायला तिला मृण्मयीनेच पाठवलं होतं. "मॅडम, मी पोहून पलीकडचेही आणते," असं म्हणून ती गेली होती आणि नमुन्यांबरोबर आजारही घेऊन आली होती. आता खालच्या वॉर्डात तिला उशीवरून मान उचलवत नव्हती. मृण्मयीला हे आठवलं की घास उतरत नसे.

रुग्णांचे नमुने तपासून संपले म्हणून तिने नातेवाइकांचे नमुने घातले. ओवीच्या आईचं रक्तद्रव्य जंतूंवर सोडलं आणि सूक्ष्मदर्शकात पाहिलं, तर सुटे फिरणारे जंतू एकमेकांना चिकटून गठ्ठ्यागठ्ठ्यांनी खाली बसत होते!

"सर! मुकादमसर! इकडे या, आधी इकडे या!"

डॉ. इम्तियाज मुकादम शेजारची रक्तपेढी सांभाळत. निवृत्तीला सहा महिने उरलेले, कपाळावर चष्मा आणि घाई या शब्दाशी जन्माचं वैर. त्यांनी शांतपणे डोळा लावला.

"कोणाचं आहे?"

"मयूरीताईंचं. ओवीच्या आईचं! त्याच खाडीचे शिंपले खातात, त्याच पाण्यात उतरतात आणि ठणठणीत आहेत. त्यांच्या रक्तात याला धरणारे प्रतिपिंड आहेत. एक पिशवी रक्तद्रव्य काढू आणि ओवीला चढवू. दोघींचा गटही ओ. आत्ताच्या आत्ता!"

"आत्ताच्या आत्ता मी चहासुद्धा पीत नाही," मुकादम म्हणाले. "बोलाव त्यांना."

मयूरी भाटकर वर आल्या. पन्नाशीच्या, काटक, कोकमाचं आगळ काढून काढून बोटं लालसर झालेल्या. बाह्या वर सारूनच आल्या होत्या.

"घ्या, किती हवं तेवढं घ्या. माझं काय राहिलंय आता!"

"सकाळी काय खाल्लंत?" मुकादमांनी विचारलं.

"संकष्टी आहे. पाणीसुद्धा नाही. चंद्र बघूनच सोडणार."

"मग जमणार नाही. उपाशीपोटी मी कोणाचं रक्त घेत नाही. तीस वर्षांत घेतलेलं नाही."

"अहो, पोरगी तिथे..."

"ताई, तुम्ही चक्कर येऊन पडलात तर पोरीजवळ कोण बसेल? खाली खिचडी आहे, ती खाऊन या. बाप्पाने विचारलं तर सांगा, मुकादमने जबरदस्ती केली."

मयूरीताई पुटपुटत गेल्या. मृण्मयीचा नुसता तिळपापड होत होता. पण मुकादमांनी तेवढ्यात आपला नेहमीचा उद्योग काढला. आईच्या उरलेल्या नमुन्यातून रक्तद्रव्याचा एक थेंब काचपट्टीवर घेतला, त्यात लेकीच्या लाल पेशींचा एक थेंब टाकला आणि पट्टी हलकेच हलवली. आईचं असो, देवाचं असो, जुळवल्याशिवाय रक्त द्यायचं नाही, हा त्यांचा शिरस्ता.

थेंब फाटला. लाल दाणे बाजूला, पाणी बाजूला.

मृण्मयीने पट्टी उचलून उजेडात धरली. हे ओवीच्या शिरेत गेलं असतं तर?

"ओ गट कोणी सांगितला?" मुकादमांनी विचारलं.

"त्यांनीच फॉर्मवर खूण केली आहे."

खिचडी खाऊन आलेल्या मयूरीताईंना विचारलं, तर त्या ओशाळल्या. "फॉर्मवर चारच चौकोन होते. ए, बी, एबी, ओ. माझा बॉम्बे गट. ते लिहायला जागाच नसते. पहिल्यांदा पहिल्यांदा समजावून सांगायचे मी. मग लोक म्हणायचे, मुंबईचा पत्ता नको, गट सांगा. शेवटी ओच्या चौकोनावर खूण करायला लागले. मला वाटलं, तुम्ही नुसते तपासणार, कुठे चढवणार!"

मुकादमांनी कपाळावर हात मारून घेतला, पण हात तिथेच थांबला.

"मृण्मयी, समजतंय का तुला?"

"थांबा, मला मोठ्याने बोलू द्या," ती फेऱ्या मारू लागली. "शरीर शत्रू बघून पहारेकरी घडवत नाही. आधीच कोट्यवधी घडवून ठेवतं, सोडत काढल्यासारखे, प्रत्येकाची पकड निराळी. जगात नसलेल्या जंतूसाठीसुद्धा कोणीतरी तयार असतो. मग जो पहारेकरी आपल्याच घरच्यांची मानगूट धरेल, त्याला काढून टाकतं. बरोबर?"

"बरोबर. आता घरचे म्हणजे कोण?"

"आपल्या लाल पेशींवर साखरेचा एक पाया असतो, एच नावाचा. त्यावर ए चढलं की ए गट, बी चढलं की बी गट, नुसता पाया राहिला की ओ. म्हणजे एच सगळ्यांकडे. म्हणून एचला पकडणारा पहारेकरी कोणाच्याच शरीरात शिल्लक नाही. आणि हा जंतू..." ती थबकली. "हा बहुरूपी एचचं सोंग घेऊन फिरतोय! म्हणून पट सपाट!"

"आणि बॉम्बे गटाच्या माणसाकडे तो पायाच नसतो," मुकादम म्हणाले. "त्यांना एच परका. त्यांच्या रक्तात लहानपणापासून एचविरुद्ध प्रतिपिंड असतात. म्हणून त्यांना दुसऱ्या कोणाचंही रक्त चालत नाही. ताईंच्या अंगात हा जंतू टिकणारच नाही."

"मग द्या ना ते ओवीला!" मयूरीताई म्हणाल्या.

मृण्मयीने मुकादमांकडे पाहिलं. शेवटी मुकादमांनीच सांगितलं, "ताई, तुमचे प्रतिपिंड त्या जंतूला मारतील आणि त्याच झटक्यात ओवीच्या रक्तपेशींनाही. त्यांना दोघांत फरक दिसतच नाही. तिला एच मिळालाय तिच्या वडिलांकडून."

मयूरीताईंचा चेहरा पडला आणि मग एकदम तापला. "काहीतरीच काय बोलता! नऊ महिने माझ्या पोटात होती की ती. माझ्याच रक्तावर वाढली. तेव्हा नाही मारलं माझ्या रक्ताने तिला, आणि आता मारणार?"

मुकादम समजुतीच्या सुरात म्हणाले, "तसं नसतं ताई. मध्ये वार असते, बाळाची नाळ जिथे जोडलेली असते ती. दोन रक्तं एकमेकांत मिसळत नाहीत. हे प्रतिपिंड आकाराने अवाढव्य, ते वारेतून पलीकडे..."

"सर," मृण्मयी म्हणाली, "गप्प बसा जरा."

तीस वर्षांत मुकादमांना असं कोणी म्हटलं नव्हतं. ते गप्प बसले.

"मिसळायचंच नाही. मध्ये वार ठेवायची! ओवीचं रक्त बाहेर काढायचं, चाळणीतून फक्त पाणी पुढे जाऊ द्यायचं. जंतू पेशीपेक्षा कितीतरी बारीक, तो पाण्याबरोबर जाईल. पुढे नळीत बारीक मणी, मण्यांवर ताईंचे प्रतिपिंड पक्के चिकटवलेले. जंतू तिथे अडकतील. धुतलेलं पाणी परत ओवीकडे. तिच्या लाल पेशी अलीकडेच राहतील, आईचा थेंबही पलीकडे जाणार नाही."

मुकादमांनी चष्मा डोळ्यांवर आणला. ते फार क्वचित करत.

"मण्यांवरून एक जरी सुटला..."

"म्हणून तर तुम्ही आहात. प्रत्येक नळी तुम्ही जुळवून बघायची."

कृत्रिम वार उभी राहायला तीन दिवस लागले. मुकादमांनी पहिल्या सहा नळ्या नापास केल्या आणि मृण्मयीने त्यांना मनातल्या मनात सहा शिव्या दिल्या. सातवी पास झाली. मयूरीताई रोज चोख जेवून येत आणि काय जेवलो ते मुकादमांना वाचून दाखवल्यासारखं सांगत. चौथ्या दिवशी नळी ओवीला जोडली, तेव्हा त्या यंत्राच्या दुसऱ्या बाजूला स्टूल घेऊन बसल्या.

"मधे काय आहे गं आई?" ओवीने क्षीण आवाजात विचारलं.

"वार. दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी लाथा मारायचीस, आता तरी नीट पड."

आठव्या दिवशी ओवीने स्वतःच्या हाताने भात कालवला आणि मीठ कमी आहे म्हणून कुरकुर केली. मयूरीताई पदरात तोंड घालून रडल्या. राज्यभरच्या बॉम्बे गटाच्या यादीतली सतरा माणसं एकेक करून येऊन गेली. त्यांच्या प्रतिपिंडांवर बाकीच्या रुग्णांचीही वार चालू झाली. आयुष्यभर 'तुम्हाला कोणाचंच चालत नाही' असं ऐकलेली माणसं आता सगळ्या वॉर्डाला हवी होती. मुकादमांनी केंद्रातल्या साऱ्या फॉर्मवर पट्टीने पाचवा चौकोन आखला.

मृण्मयीने ओवीचा नवा ओळखपट काढला. बरी झालेली पोर. आता तरी उंचवटा दिसेल, या उत्सुकतेने ती पडद्याकडे झुकली.

पट सपाट.

तिने दुसरा थेंब घालून पाहिला, तोही तसाच. मग तिला उमगलं आणि वाटलं, हे आपल्याला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. एकदा लढलेलं शरीर शत्रू लक्षात ठेवतं, त्यासाठी स्मृतिपेशी राखून ठेवतं. पण ओवीचं शरीर लढलंच कुठे होतं? जंतू बाहेर धुतले गेले होते. तिच्या पेशींच्या लेखी काही घडलंच नव्हतं.

मयूरीताईंना सांगणं भाग होतं. मुकादमांनी न अडखळता सांगितलं. "तिला हा आजार पुन्हा होऊ शकतो. दहाव्यांदा झाला तरी शरीराला पहिल्यांदाच झाल्यासारखा. लसही चालायची नाही. लसीने शिकवायचं कोणाला, तो पहारेकरीच नाही. खाडी आहे तोवर जंतू आहे. दर वेळी मणी लागतील आणि मण्यांसाठी तुमच्यासारखं कोणीतरी."

मयूरीताई खिडकीतून खाडीकडे बघत होत्या. "म्हणजे मला जगायलाच लागणार."

"ताई, असं काय बोलता?" मृण्मयी म्हणाली.

"खरं ते बोलते. पोटात गाठ आहे माझ्या, चार वर्षं झाली. अंगावरून जातं, दर महिन्याला थोडी थोडी संपते. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, पण दोन पिशव्या रक्त हाताशी हवं. मी म्हटलं, राहू दे, कोणापुढे हात पसरू?"

"यादीतली माणसं..."

"त्यांचं सगळं या वॉर्डाला लागतंय, बघते ना मी. यादीत नसलेला, माझ्याच गटाचा एक आहे. माझा दादा, चिपळूणला. ओवीच्या वेळी त्यानेच दिलं होतं. अकरा वर्षं बोललो नाही आम्ही. वास्तुशांतीच्या पत्रिकेत त्याने माझं नाव घातलं नाही."

"एवढ्यासाठी?" मुकादमांच्या तोंडून निघून गेलं.

"तुमचं नाव वगळलं असतं तर कळलं असतं!" मयूरीताई फणकारल्या. पण त्यांनी पिशवीतून फोन काढला. नंबर शोधावा लागला नाही, बोटांना पाठ होता. पलीकडे कोणीतरी उचलला.

"दादा, मी मयूरी."

पलीकडे कोणीतरी नाक शिंकरलं.

"रडू नकोस, ऐक," मयूरीताई म्हणाल्या. "परवा भाऊबीज आहे. ओवाळणी काही आणू नकोस, रिकाम्या हाताने ये. पण पोटभर जेवून ये. इथले मुकादमसाहेब उपाशी माणसाला हात लावत नाहीत."