शेवटच्यानं ओ द्यायची

डोंगरकडा गावचे तातेराव उभ्या जन्मात कधी खोटं बोलले नाहीत. बैलबाजार आणि सोयरिकी सोडल्या, तर. म्हणून ही घटना शंभर टक्के खरी आहे.

साल १९९६. शिवरात्रीचा आदला दिवस. औंढ्याला निघालेली पायी दिंडी डोंगरात शिरली होती. लख्ख ऊन. पळस पेटल्यासारखा फुललेला.

पायवाट अरुंद, म्हणून सगळे एकामागं एक. पुढून संतरामकाका ओरडायचे, "हाय का?" सगळ्यात मागच्यानं ओ द्यायची, "हाय!" ओ आली, की कुणी मागं राहिलं नाही असं समजून दिंडी चालत राहायची.

सगळ्यात मागं तातेराव. त्यांच्या पुढं बायको, मिराबाई.

तातेरावांच्या पायात काटा मोडला.

"चल तू पुढं, आलोच."

मिराबाई वळणाआड गेली. तातेरावांनी काटा उपसला, वाटेवर टाकला.

"हाय का?"

तातेरावांनी तोंड उघडलं...

"हाय!"

ओ वळणापलीकडून आली होती.

आवाज तातेरावांचाच.

"कोण रे नकला करून राहिला?"



ते लगबगीनं वळणावर गेले. वाट रिकामी. टाळ ऐकू येत होते, माणूस दिसत नव्हतं. तातेराव पळाले. आणखी एक वळण... आणि पायाशी काटा.

त्यांचाच. रक्त अजून ओलं.

वाट सोडून ते उतारावरून घसरत गेले. खाली वाट लागली.

वाटेवर काटा.

पुढून हाक यायची. तातेरावांच्या आधी "हाय!" जायचं. म्हणजे त्यांना शोधायला कुणी परत येणारच नव्हतं. टाळ बारीक होत चालले होते. ते विझले, की तातेराव कायमचे इथंच.

बैलबाजारात मुरलेलं डोकं अशा वेळीच चालतं. पुढची हाक आली. पलीकडून ओ उठायच्या आत तातेराव बेंबीच्या देठापासून ओरडले,

"न्हाई!"

टाळ थांबले.

पाखरंसुद्धा थांबली...

मग धावती पावलं. वळणावरून संतरामकाका आले, मागं मिराबाई.

"काहून ओरडून राहिला? न्हाई म्हणायला तरी माणूस लागतंच की, येड्या!"

मिराबाई मात्र पांढरीफटक.

"आवो, तुमी तर माझ्या मागंच होता. आत्ता माझं दशम्यांचं गाठोडं घेतलं. दमलीस, म्हणाला..."

तातेराव लग्नापासून असं एकदाही म्हणाले नव्हते.

गाठोडं सापडलं नाही.

आजही कुणी दारातून हाक मारली, की तातेराव लगेच ओ देत नाहीत. आधी कान देतात. एकदा ते अंगणात होते, तेव्हा ओ घरातून आली होती...

त्यांच्याकडं गेलात, तर हाक मारू नका. कडी वाजवा.

तीही जरा हळू. बिजागरी सैल आहे.