ओळखीचं नेटवर्क

खालापूरच्या तहसील कचेरीसमोर आमचं पोळी-भाजी केंद्र आहे. गल्ल्यावर बसून माणूस ओळखायची मला सवय लागली आहे. सुटे पैसे मुठीत घट्ट धरून येतो तो दाखल्यासाठी आलेला असतो. भाव दोनदा विचारून शेवटी नुसता चहा घेतो तो वकिलाकडे निघालेला असतो. पण ताट वाजवणारा माणूस मी त्या पावसाळी दुपारी पहिल्यांदाच पाहिला.

केंद्र बचत गटाचं. बायका आठ, खातं एक. खात्याला जोडलेला फोन अध्यक्षीणबाईंचा, म्हणजे माझ्या आईचा, पुतळाबाईंचा. आईचे हात कायम पिठात आणि फोन मसाल्याच्या डब्याशेजारी. त्यामुळे बँकेचं काम निघालं की मी बाहेर बटणं दाबायची आणि आईनं आतून ओटीपी ओरडायचा, अशी आमची पद्धत. दोन वर्षांत कोणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

त्या दिवशी पोळ्यांच्या यंत्राचा अ‍ॅडव्हान्स भरायचा होता. आठ जणींची सगळी पुंजी खात्यात होती. पत्र्याखाली रेंज येईना, म्हणून हल्लीच दिसू लागलेलं ‘फ्री वाय-फाय’ मी घेतलं. बँकेचं पान आपोआपच उघडलं... मला तर ती सोयच वाटली. मी नाव टाकलं, पासवर्ड टाकला.

“दीक्षे, आला गं ओटीपी. घे... चार, सात—”

टण् टण् टण् टण्...

कोपऱ्यातल्या टेबलावरचा एक तरुण चमच्यानं स्टीलचं ताट बडवत होता. कचेरीतले शिपाई मालोजीकाका घास हातात धरून थांबले.

“भाजी हवी असेल तर मागा ना,” मी म्हणाले. “ताट कशाला बडवता?”

“भाजी आहे अजून.” तो उठून गल्ल्यापाशी आला. ओले केस, शर्टाची एक बाही दुमडलेली, दुसरी विसरलेली. “मावशी पुढचे आकडे सांगणार होत्या. ते सगळ्या हॉटेलला ऐकू गेले असते.”

“मग कानात बोटं घालायची.”

“माझ्या कानात घालीन हो, पण इथे बाकीचे कान—” त्याची नजर माझ्या फोनवर गेली आणि चेहऱ्यावरची मस्करी पुसली गेली. “ओटीपी टाकू नका. हे वाय-फाय कोणाचं?”

“कचेरीचं असेल.”

“असेल?”

“आमचं नाय बाबा,” मालोजीकाका घास गिळून म्हणाले. “आमच्याकडं सायबालाच नेट नाय.”

माझा अंगठा तसाच हवेत राहिला.

“कोणी फुकट कोथिंबीर दिली तर घ्याल?” त्यानं हळूच विचारलं.

“जुडी सोडून आतली पानं बघेन. मग घेईन.”

“मग हे पानही बघा ना. वरचा पत्ता... बँकेचा आहे?”

नव्हता. रंग बँकेचे, चिन्ह बँकेचं, पत्ता भलत्याचाच.

“पासवर्ड टाकला?”

“टाकला,” मी म्हणाले. आठ जणींचे चेहरे डोळ्यांसमोरून गेले, सगळ्यांत शेवटी आईचा.

“वाय-फाय बंद करा. माझं हॉटस्पॉट घ्या आणि आधी पासवर्ड बदला.”

मी त्याच्याकडे पाहिलं. “तुम्ही कोण?”

“प्रीतम. साजगावच्या कारखान्यात कॉम्प्युटर बघतो.”

“असं तुम्ही म्हणता. अनोळखी वाय-फायवरून उठून अनोळखी माणसाच्या हॉटस्पॉटवर जाऊ?”

त्याच्या ओठाच्या एका कोपऱ्यातून हसू हळूहळू पसरत गेलं. “अगदी बरोबर. अजिबात येऊ नका.”

रेंज कचेरीच्या पायरीवर यायची. भर पावसात मी धावले, तो छत्री घेऊन मागे. पासबुकवर छापलेला नंबर लावून आधी खातं थांबवलं. मग माझ्याच फोनच्या नेटवरून, बँकेच्याच अ‍ॅपमध्ये पासवर्ड बदलला. मी टाइप करत होते तेव्हा त्यानं तोंड इतक्या प्रामाणिकपणे पलीकडे फिरवलं, की छत्री पार कोणाच्या तरी स्कूटरवर गेली.

“मी भिजतेय.”

“वळलो तर पासवर्ड दिसेल.”

“छत्रीकडे बघा. माझ्याकडे बघायला कोणी सांगितलंय?”

वळल्यावर मात्र त्यानं छत्रीकडे पाहिलं नाही...

शिल्लक जशीच्या तशी होती. मी तिथेच ओल्या पायरीवर बसले.

परत आलो तेव्हा आई दारात उभी. त्यानं “जय भीम, मावशी,” म्हटलं आणि वर तिलाच शिकवलं, “ओटीपी ओरडायचा नाही. दीक्षाताईंना आत बोलवायचं.”

“तवर पोळी करपंल की.”

“करपू द्या.”

आई माझ्याकडे वळली. “ह्याला घरी कोन पोळी करून देत नाय वाटतं.”

दुसऱ्या दिवसापासून ते वाय-फाय दिसलंच नाही. प्रीतम मात्र दिसू लागला. आधी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी, मग अधिवासाच्या, मग जातीच्या. ‘ताई’ दुसऱ्याच खेपेला गळालं. त्याचं गाव, त्याच्या आईचं माहेर, मोठ्या बहिणीचं सासर... सगळी चौकशी आईनं पोळ्या वाढता वाढता पुरी केली.

“झाले की सगळे दाखले,” एकदा मी म्हटलं. “आता कुठला उरला?”

“एक आहे.” तो ताटाकडे बघत म्हणाला. “पण तो एकट्याला मिळत नाही...”

मी गल्ल्यातली चिल्लर उगाच पुन्हा लावायला घेतली.

यंत्र आलं त्या दिवशी उरलेले पैसे भरायचे होते आणि रेंज पायरीवरही नव्हती.

“हॉटस्पॉट द्या तुमचं,” मी म्हटलं.

“अनोळखी माणसाचं?”

“आईनं तपासलाय माणूस. आणि पासवर्ड सांगू नका, मीच सांगते. तुमचं नाव, पुढे जन्मसाल.”

त्याचे कान लाल झाले. “कसं कळलं?”

“फॉर्म इथेच बसून भरता ना तुम्ही. जगाला शिकवता आणि स्वतःच्या दाराला दोरी बांधता.”

त्यानं तिथल्या तिथे पासवर्ड बदलला आणि वाकून नवा माझ्या कानात सांगितला. इतक्या हळू, की मालोजीकाकांनी चावायचंच थांबवलं.

“काम झालं की नेटवर्क ‘फर्गेट’ करा,” तो म्हणाला. “नाहीतर फोन आपोआप जोडला जातो. चांगलं नसतं ते.”

“करते.”

नाही केलं.

मग त्याची मोटरसायकल पिंपळाखाली लागायच्या आतच माझ्या फोनवर ती छोटीशी खूण उमटू लागली. मी गरम पोळी मागवून ठेवू लागले.

“दीक्षे,” आई म्हणाली, “त्यो दिसायच्या आधी ताट कसं वाढतेस गं?”

“अंदाजानं.”

काल जेवून झाल्यावर प्रीतमनं आपला फोन माझ्यासमोर ठेवला. हॉटस्पॉटखाली लिहिलं होतं: जोडलेला फोन एक, दीक्षा.

“तू फर्गेट केलं नाहीस.”

हा ‘तू’ कधी आला...? “कधीपासून माहीत आहे?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मग बोलला नाहीत? सुरक्षेचा प्रश्न होता ना?”

“होता. पण तू जोडली जातेस का, ते बघायला मी वळणावरच हॉटस्पॉट चालू करायचो.” त्यानं चमचा ताटात ठेवला. “आता फर्गेट करायचं का? खरं सांग.”

बाहेर पागोळ्या गळत होत्या. मी फोन उचलला आणि त्याच्या हातात परत दिला.

“अनोळखी असतास तर केलं असतं...”

तो काही बोलणार, तोच आतून आईचा आवाज आला, नेहमीच्याच पट्टीत.

“दीक्षे, त्याला इचार गं, घरच्यांना कधी घेऊन येतोस—”

प्रीतमनं दचकून चमचा उचलला आणि ताट वाजवायला सुरुवात केली. टण् टण्...

मी त्याचा हात धरला.

“राहू दे. हे ऐकू दे सगळ्यांना.”