कोरडी बादली

पाक गिळायचा नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. चमचाभर पाक जिभेवर घ्यायचा, टाळूला लावायचा, मनात दहा मोजायचे आणि थुंकायचा. कारखान्यात दिवसाला बावीस टाक्या उतरतात. त्या सगळ्यांचा पाक मी चाखतो आणि टेबलाखालच्या पत्र्याच्या बादलीत थुंकतो. लोक मला चाखेसाहेब म्हणतात. मधुमेही माणसाने पाक चाखायची नोकरी करावी, यावरचे विनोद सगळ्यांचे करून झालेले आहेत, तुम्ही नव्याने कष्ट घेऊ नका.

खरं सांगायचं तर मला या कामाची किळसच येते. एकवीस वर्षं झाली तरी येते. दाराची मूठ चिकट, शर्टाची कॉलर चिकट, वहीची पानं चिकट. बादलीत तर मी कधी पाहतच नाही. आत असणार लाळेच्या तारा, वर गुलाबी फेस आणि तो आंबूस गोड वास. संध्याकाळी पायानेच ती आत सरकवतो आणि घरी जातो. पुढचं सफाईच्या बाई बघतात, अशी माझी समजूत होती.

नऊ वर्षं मी इन्सुलिन घेतोय आणि बोट टोचून साखर तपासतोय. लेकीला ते पुरेसं वाटेना. ती राहते दुसऱ्या शहरात, पण जीव सगळा इकडे टांगलेला. सुट्टीत आली तेव्हा तिने माझ्या दंडावर मोठ्या बटणाएवढं सेन्सर चिकटवलं. त्याची केसासारखी तार कातडीखाली राहते आणि साखरेचा आकडा दर पाच मिनिटांनी माझ्या फोनवर येतो. तिच्याही.

ती परत गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी, सकाळी अकराला तिचा फोन.

“बाबा, काय खाल्लंत?”

“चहा प्यायलो. बिनसाखरेचा.”

“तीनशे दोन दाखवतंय. मांजर डोळे मिटून दूध पितं, पण माझ्या फोनला सगळं दिसतं हं.”

मी साबणाने हात धुतले, कारण बोटाला पाक लागलेला असला तर आकडा फुगतो. बोट टोचलं. एकशे अठरा.

“तुमच्या त्या पट्ट्या जुन्या झाल्या असतील,” लेक म्हणाली. “सेन्सर बघा आणि इन्सुलिन वाढवून घ्या.”

तीनशेच्या मापाने इन्सुलिन घेतलं असतं, तर एकशे अठराचा माणूस जेवणाच्या सुट्टीपर्यंत आडवा झाला असता. मी घेतलं नाही. नव्या पट्ट्या आणल्या, दुसरं सेन्सर लावलं. पुन्हा तेच. दोन आकड्यांपैकी एक मला मारणार होता, आणि माझी लेक नेमकी त्याच आकड्याच्या बाजूने भांडत होती. मी चोरून खातो, असं तिने ठरवूनच टाकलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी.

मग मी वेळा लिहायला लागलो. चार दिवसांत एवढं कळलं की आकडा मी खाल्ल्यावर चढत नव्हता. मी थुंकलो की पंधरा मिनिटांनी चढत होता.

“बाई, माझी बादली कुठे ओतता?” मी सफाईच्या बाईंना विचारलं.

“टेबलाखालची? ती तुम्हीच धुता ना? मी येते तेव्हा कोरडीठाक असते. मी म्हटलं, साहेब भारी स्वच्छ.”

“कधीपासून?”

“मी कामाला लागले तेव्हापासून.” त्यांनी नाक मुरडलं. “मी कशाला हात लावू हो त्याला?”

नऊ टाक्या चाखून झाल्या होत्या. मी बादली ओढून बाहेर काढली आणि पहिल्यांदाच आत पाहिलं. पत्रा लख्ख होता. थेंब नाही, फेस नाही, चिकटपणासुद्धा नाही. फक्त काठाला ओलसर पट्टा होता, चाटून नुकतंच कुणीतरी तोंड मागे घेतल्यासारखा. मला शिसारी आली. माझी थुंकी, इतकी वर्षं. मी मोरीत जाऊन ओकलो.

दुसऱ्या दिवशी बादली कारखान्याबाहेर फेकली. नळ सोडून बेसिनमध्ये थुंकायला लागलो.

अकराला सेन्सरवर चौऱ्याऐंशी. बाराला एकसष्ट. एकला चाळीस, आणि फोन कोकलायला लागला. बोटाने बघितलं तर एकशे चौदा. मला काहीही होत नव्हतं.

“बाबा, साखर खा. आत्ता.” लेकीचा आवाज कापत होता.

“मी ठणठणीत आहे. कमी झालीय ती माझी नव्हे.”

“मग कुणाची?”

मी फोन ठेवला.

सेन्सरखाली खाज सुटली. बोट लावलं तर तिथे ओलं, कोमट, बुळबुळीत होतं. मी बोट पँटला पुसलं, पुन्हा पुसलं.

आकडा चढायला लागला. पंचावन्न. चौऱ्याहत्तर.

मी काहीच खाल्लं नव्हतं.

हात थरथरायला लागले. शर्ट घामाने भिजला. कशीबशी पट्टी लावली आणि बोट टोचलं. अठ्ठावन्न.

फोन वाजला.

“एकशे दहा. आला बाई जागेवर. खाल्लंत ना शेवटी? आता मात्र पुन्हा काही खाऊ नका हं.”

मला बोलायचं होतं. जीभ हलेना.

समोर पुढच्या टाकीचा पाक होता. नियम मोडला. एक चमचा गिळला. दुसरा. तिसरा. एकवीस वर्षं चाखणारा मी, मला तो गोड लागला नाही.

फोनवर एकशे अडुसष्ट. मग दोनशे पंधरा.

स्वतःची साखर बघायला मी पुन्हा बोट टोचलं, खोल टोचलं, आणि पट्टी जवळ नेली.

रक्त नव्हतं. टोचल्याची खूण स्वच्छ होती, आणि बोट पेरापर्यंत ओलं होतं.