गाठीपाशी फुटणारे फुगे

उजाडताच रुग्णालयातल्या खिडकीचा पडदा आपोआप सरकला. ऋजुताने दात घासले, काखेत तापमापी धरली, नाचणीचे सत्त्व अर्धे प्यायली आणि उरलेले झाकून ठेवले. समोरच्या पलंगावरची मुलगी परवाच बरी होऊन घरी गेली होती. आईचा निरोप आजही नव्हता. आई अंटार्क्टिकावर हवामान मोजत होती. तिथला हिवाळा सरेपर्यंत जहाज सुटणार नव्हते.

तात्या, म्हणजे तिचे आजोबा, ध्वनिशास्त्रज्ञ. ते येऊन बसले. सिस्टर लोबो दोन कुप्यांचा ट्रे ठेवून हात धुवायला वळल्या.

"आई आल्याशिवाय मी सुई टोचून घेणार नाही," ऋजुता म्हणाली. "गाठ यकृतात, मग मागच्या औषधानं केस का नेले?"

"रक्त सगळीकडे फिरतं, औषधही त्याच्याबरोबर," तात्या म्हणाले. " पण या कुपीत सूक्ष्मबुडबुडे (तांबड्या पेशीहून लहान, पातळ कवचातले वायूचे फुगे) आहेत. कवचात औषध भरलंय. श्राव्यातीत ध्वनी (माणसाला ऐकू न येणारा, अतिउच्च कंप्रतेचा आवाज) सोडला, की वायूवरून जोरदार प्रतिध्वनी येतो आणि पडद्यावर फुगे चमकतात. ते गाठीत पोचलेले दिसले, की जोर वाढवायचा, तोही गाठीवरच रोखून. तिथंच ते फुटतात."

"बाकीचे?"

"विरतात. वायू श्वासातून जातो. थोडं औषध इतरत्र सांडेल, खोटं नाही सांगत. पण पूर्वीइतकं नाही. पुढे कधीतरी इतरांच्या मेंदूतल्या गाठीपर्यंतही असं पोचता येईल."

ट्रेमधल्या एका कुपीत वर पांढरा थर, खाली नितळ पाणी. खोकल्याच्या औषधासारखी ऋजुताने ती खळाखळा हलवली.

"अगं, अगं! फुगे आहेत ते, ताक नव्हे!"

"फुटले?"

"बरेचसे. वायू हलका, म्हणून ते वर तरंगतात. मिसळायला कुपी तळव्यांत अलगद फिरवायची."

"मग दुसरी आई येईपर्यंत ठेवा ना."

"फुगे नवे करता येतील, बाळा. गाठ तेवढे महिने थांबणार नाही."

"तुम्हाला भीती वाटत नाही?"

"वाटते की. तुझी आई तिकडे, तू इथे. घर खायला उठतं."

ऋजुताने दुसरी कुपी उचलून तळव्यांत धरली आणि सावकाश फिरवू लागली. पांढरा थर हळूहळू पाण्यात उतरला. कुपी दुधाळ झाल्यावर तिने ती सिस्टरांच्या हाती दिली आणि बाही वर सारली.