दोन अवतरणांमधली जागा

श्रीवर्धनच्या बाजारात झेरॉक्सच्या दुकानावरच्या माडीत भार्गवीचा कॉम्प्युटर क्लास आहे. तिथे एचटीएमएल शिकायला बसलेल्या पोरापोरींत या हिवाळ्यात देवव्रत सरही होते. सत्तरी उलटलेली, अंगात कडक इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन. हायस्कुलात त्यांनी जन्मभर गणित शिकवलं होतं, आणि भार्गवी त्यांच्याच हाताखालून रडतखडत भूमितीत पास झालेली. आता ती मागे उभी राहून म्हणायची, "सर, टॅग उघडलात, पण मिटवलात कुठे?" पोरं खुदुखुदु हसायची आणि सरांनाही मजा वाटायची. उघडलेला कंस मिटवा, हे ते आयुष्यभर दुसऱ्यांना ओरडून सांगत आले होते.

मथळ्याची खूण झाली, परिच्छेदाची झाली, मग चित्राची आली. भार्गवी म्हणाली, "चित्राच्या टॅगमध्ये ऑल्ट म्हणून एक जागा असते. चित्र ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी तिथे दोन अवतरणचिन्हांत वर्णन लिहायचं. त्यांचा फोन ते वाचून दाखवतो."

सर हातातला माउस सोडून तिच्याकडे वळले. "एवढ्याचसाठी आलोय गो मी."

"आणि चित्र नुसतं शोभेचं असेल, तर अवतरणं रिकामी ठेवायची. फोन गपचूप पुढे जातो."

सरांच्या घरामागे नारळ-पोफळीचं आगर होतं. कागदोपत्री ते सरांचं, पण खरं प्रमोदिनीचं. लग्न होऊन आल्यापासून तिनेच ते शिंपलं, तिनेच जोपासलं. कुठल्या पोफळीची सुपारी गोड आणि कुठलीची तुरट, हे तिला झाडागणिक ठाऊक. पण काचबिंदूने तिची दृष्टी खाल्ली, आणि तेव्हापासून ती पडवीची पायरी उतरली नव्हती. "मला न दिसणारं आगर माझं कसलं?" एवढंच म्हणाली आणि झोपाळ्यावर बसून राहिली. मुलंबाळं नव्हती. सरांच्या छातीत अलिबागच्या डॉक्टरांनी स्प्रिंग बसवलेली. माझ्यामागे हिचं कसं होणार, हा एकच विचार सरांच्या डोक्यात फिरत राहायचा. भीतीच ती, दुसरं काय.

म्हणून हे पान. त्यात पडवीपासून निघून आगराच्या टोकापर्यंतचे फोटो ओळीने लावायचे, आणि प्रत्येकाच्या ऑल्टमध्ये तिला लागेल ते लिहायचं. पडवीपासून टोकापर्यंत सरांनी काथ्याचा दोर बांधला. एका हातात दोर, दुसऱ्या हातात फोन, असं तिने चालावं. मी असलो काय, नसलो काय.

पान तयार झालं. पहिल्या फोटोला त्यांनी लिहिलं, "पडवीतला झोपाळा. संध्याकाळी इथे आपण दोघं बसतो." मग पाण्याचा पाट, मग विहीर, विहिरीच्या कोणत्या कडेला शेवाळ आहे तेही. शेवटचा फोटो होता उंडीच्या झाडाखालच्या शेंदूर फासलेल्या दगडाचा. आगराची राखण करणारा देव, राखणदार तो. सरांचा या गोष्टींवर विश्वास नव्हता. फोटो टाकला तोही पान रिकामं दिसू नये म्हणून. शोभेचा. त्यांनी नियमाप्रमाणे अवतरणं उघडली, मिटवली आणि मध्ये काहीही लिहिलं नाही.

"राखणदाराला सांगितलंत का?" प्रमोदिनीने विचारलं. "नवा पंप बसवला तेव्हासुद्धा आधी त्याच्यापुढे नारळ ठेवला होता आपण, मग बटण दाबलं."

"आता वेब पेजला नारळ फोडू?"

"फोडू नका. ठेवायचा फक्त," ती म्हणाली. सर हसले, आणि राहिलंच ते.

पहिल्या दिवशी ती दोर धरून उतरली तेव्हा सरांचे डोळे भरून आले. ते दहा पावलं मागे राहून चालत होते. फोनमधल्या बाईच्या सपाट आवाजात आपलीच वाक्यं ऐकताना त्यांना अवघडल्यासारखं होत होतं. पाट झाला, विहीर झाली. उंडीखाली ती थांबली. मान किंचित तिरकी करून ऐकत राहिली, आणि मग दोराच्या डावीकडून वळसा घालून परतली.

"अशी वळून का आलीस?"

"वाटेत झावळ पडलीय म्हणाली ना ती."

"कोण म्हणाली?"

"फोनमधली. तुम्हीच लिहिलंय की."

वाट तर झाडून घेतल्यासारखी स्वच्छ होती. दोघं घरात परतले. चहा झाल्यावर आगरात सळसळ झाली आणि मग धप्पकन आवाज आला. जाऊन बघतात तर पोफळीची झावळ, देठाकडच्या रुंद विरीसकट, वाटेत आडवी.

सर गणिताचे. एकदा घडलं त्याला ते योगायोग म्हणाले. तरी त्यांनी कॉम्प्युटर उघडून शेवटच्या चित्राची ओळ वाचली. दोन अवतरणं शेजारी शेजारी, आणि त्यांच्यामध्ये काही नाही.

मग ते रोजचंच झालं. प्रमोदिनी सकाळी उतरायची, पाट, विहीर करत उंडीखाली जायची आणि तिथे काहीतरी ऐकून यायची. पन्हळीखाली पाणी साचलंय. सुरंगीला कळ्या धरल्यात. तिचा चेहरा उजळला होता, कोकम सरबतात मीठ जास्त झालं म्हणून ती पुन्हा भांडू लागली होती. सर मात्र तिच्या मागे जाऊन उभे राहिले की फोन गप्प असायचा. त्यांना फक्त पानांची सळसळ ऐकू येई, आणि फार दुरून समुद्र.

एके दिवशी ती म्हणाली, "येसाजी आज झाडावर नाही चढायचा."

येसाजी त्यांचा पाडेली. एका पोफळीवर चढला की खाली न उतरता झोके घेत दुसरीवर जाणारा. सुपारी पाडायला त्या दिवशी तो यायचाच होता. तासाभराने तो खरंच आला, पण लंगडत. कुंपणातल्या बेड्यापाशी टेकून म्हणाला, "सर, आज चढाया न्हाय जमायचं. हितंच बेडं वलांडताना पाय मुरगाळला."

"हे आत्ता झालं?"

"व्हय. आत्ताच की." आणि मग उंडीकडे बघत, आवाज खाली आणून म्हणाला, "तुम्ही राकनदाराचा फोटू काढला म्हनं. इचारून काढला ना?"

त्या दुपारी सर क्लासला गेले. भार्गवीने पान उलटसुलट तपासलं, फोनवर ऐकून पाहिलं. फोन विहिरीपर्यंत बोलला आणि थांबला. "बरोबर आहे सर. रिकामं आहे ना, म्हणून ओलांडतो."

"मग आता भरून टाक," सर म्हणाले. मग तिला बाजूला सारून त्यांनी स्वतःच लिहिलं, "उंडीखालचा दगड. इथे वाट संपते."

दुसऱ्या दिवशी प्रमोदिनी आगरातून लवकर परतली. "आज नुसतंच 'वाट संपते' म्हणाला," ती बोलली. त्यानंतर ती उतरली नाही. पुढच्या दिवशी नाही, त्याच्या पुढच्याही दिवशी नाही. दोर पडवीच्या खांबाला लोंबत राहिला. सरांनी हाक मारली तर म्हणायची, "तुम्ही जाऊन या."

"अगो, मी लिहिलेलं सगळं आहेच की त्यात."

"तुम्ही लिहिलेलं पाठ झालं मला. उंडीखालचा तो आजचं सांगायचा."

तिचा तो विझलेला चेहरा सरांना बघवेना. आपण हे सगळं कशासाठी केलं? ही उठावी, चालावी, आपल्याशिवाय तिचं अडू नये, यासाठीच ना? मग कोण बोलतो याचा हिशोब आपण कशाला ठेवायचा? त्यांनी कॉम्प्युटर उघडला. अवतरणांमधलं आपलं वाक्य एकेक अक्षर करून मागे खोडत नेलं. आतली जागा मोकळी झाली. मग एक नारळ घेतला आणि उंडीखाली नेऊन ठेवला. गाऱ्हाणं कसं घालतात ते त्यांना येत नव्हतं. "हिला सांभाळ," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी दोघं झोपाळ्यावर बसले. पोफळींच्या शेंड्यांवर तांबूस ऊन होतं, खालचं आगर निळं पडत चाललं होतं. झोका सर देत होते; जमिनीला पाय लावायचं काम नेहमीचं त्यांचं. कडी कुरकुरत होती. सरांना फार हलकं वाटत होतं, दुपारच्या झोपेतून नीट जाग न आल्यासारखं.

"बघ बरं, बोलतोय का," ते म्हणाले.

प्रमोदिनीने पान लावलं. "पडवीतला झोपाळा. संध्याकाळी इथे आपण दोघं बसतो." मग पाट. मग विहीर.

मग थोडी शांतता.

आणि या वेळी सरांनाही ऐकू आलं. तीच बाई, तोच सपाट आवाज.

"पडवीत झोपाळ्यावर प्रमोदिनी बसली आहे. ती एकटी आहे. आता तिला सवय झाली आहे."

सरांचा पाय थांबला. झोपाळा थांबला नाही.

"अगो, काहीतरीच बोलतोय तो," सर म्हणाले. "मी आहे ना इथे."

प्रमोदिनी आगराकडे तोंड करून ऐकत होती. चेहरा शांत होता. तिने पाय लांबवून जमिनीला लावला आणि झोका दिला.

"प्रमोदिनी."

तिने पान बंद केलं. मग फोन शेजारी ठेवला, सर बसले होते नेमका तिथेच, रिकाम्या जागी ठेवावा तसा. लाकडी फळीवर तो टेकल्याचा बारीकसा आवाज झाला.