दांड्यावरची गुळगुळीत जागा

फोटोच्या उजव्या कोपऱ्यात, नखाएवढ्या जागेत, एकही दाणा नव्हता.

बाकी सगळीकडे होते. बॉयलरखोली अंधारी, फोटो फ्लॅशशिवाय काढलेला. फोटोवाले ज्याला नॉइज म्हणतात ते रंगीत दाणे उमटणारच. भिंतीवर होते, पाइपांवर होते, बॉयलरपाशी उभ्या असलेल्या तिच्या धाकट्या भावाच्या शर्टावर होते. फक्त वाफ सोडायच्या कॉकचा दांडा जिथे होता, तिथे मेण ओतल्यासारखं गुळगुळीत. दांडा पाइपाच्या रेषेत असेल तर कॉक उघडा, आडवा असेल तर बंद. इथे दोन्ही कळत नव्हतं.

आणि भावाचा जीव त्या दांड्याला टांगला होता.

अकरा दिवसांपूर्वी कारखान्यात वाफेचा पाइप फुटला. फिटर भाजला, अजून शुद्धीवर नव्हता. कॉक बंद सापडला. बॉयलर भाऊ चालवायचा. दाब वाढला म्हणून कॉक उघडून मी फिटरला बोलवायला गेलो, हे त्याने चौकशीत दहादा सांगितलं. कुणी मनावर घेतलं नाही. त्या वेळी मामा तिथे कारखान्याच्या माहितीपुस्तकासाठी फोटो काढत होते. ते म्हणाले, मी कॅमेऱ्यात डोकं घालून होतो, काही पाहिलं नाही. अधिकाऱ्यांनी फोटो मागितला तेव्हा त्यांनी हा एक दिला. अंधारातून याहून जास्त निघत नाही, म्हणाले.

चार वाजता अहवालावर सही होणार होती. मग पोलीस. आता तीन वाजत आले होते, आणि आईने सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता.

ती मामांच्याच स्टुडिओत सहा वर्षं फोटो साफ करत होती. माहितीपुस्तकासाठी गेलेले फोटो तिने पुन्हा लावून पाहिले. काचेसारखे स्वच्छ. मग मामांच्या कॉम्प्युटरवर बसली. दहा मिनिटांनी उठली.

मामा बाहेरच्या खोलीत लेन्स पुसत होते.

"मामा, त्या दिवशी लेन्सवर वाफ धरत होती?"

"धरत होती तर. पुसून पुसून रुमाल पिळायची पाळी आली."

"भाऊ उभा आहे त्या फोटोच्या वेळी?"

"तेव्हाच तर."

"आणि तो गेल्यावर?"

मामांचा हात थांबला. "कमी झाली असावी."

"आपोआप?"

तिने त्यांना आत नेलं, खुर्चीवर बसवलं.

"नॉइज सपाट भिंतीवरचा काढायचा, कडेला हात लावायचा नाही, नाहीतर कड विरघळते. तुम्हीच शिकवलंत. इथे भिंत तशीच सोडलीय आणि नेमकी दांड्याची कड विरघळवलीय. नवशिका अख्ख्या फोटोवर एकदम फिरवतो. एवढीशी जागा ब्रशने निवडून उलटं काम करायला तयार हात लागतो. या स्टुडिओत तसे हात दोघांचे. माझे मला माहीत आहेत."

"फोटो दाणेदार दिसत होता म्हणून..."

"रॉ फाइल आणि सख्खी बहीण, दोघींना अंतर द्यायचं नाही, असं तुम्हीच म्हणता ना? नाही दिलंत. फाइल इथेच होती."

रॉ फाइल म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेला कच्चा माल. दुरुस्त्या तिच्या शेजारी नोंदल्या जातात, फाइलला ओरखडाही उठत नाही. तिने ती एक दुरुस्ती बंद केली. कोपऱ्यात दाणे परत आले. मग तिने फक्त कडेवर थोडी धार चढवली. दाण्यांतून दांडा उमटला, पाइपाच्या रेषेत. त्याच्यापुढे वाफेचा पांढरा झोत.

तिने पुढची फाइल उघडली. चार मिनिटांनंतरची. भाऊ नाही. वाफ नाही. दांडा आडवा.

"या चार मिनिटांत खोलीत एकच माणूस होता, मामा. त्याला स्वच्छ फोटो हवा होता."

दोनच मिनिटांसाठी बंद केला होता, असं मामा पुटपुटले. मग कारखान्याच्या साहेबांनी बाहेर हाक मारली, आणि ध्यानातून गेलं.

"वाटलं, दांडा दिसलाच नाही तर कुणाचंच नाव येणार नाही."

"आलं. तुमच्या बहिणीच्या पोराचं."

त्यांनी तोंड ओंजळीत लपवलं. रोज सकाळी ठरवतो, म्हणाले, रोज संध्याकाळी उद्यावर ढकलतो. बाप गेल्यावर याच माणसाने तिला आणि भावाला वाढवलं होतं. भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन झाले.

"फाइली मी पाठवू शकते," ती शेवटी म्हणाली. "पण त्यांत फक्त दांडा दिसतो. हात दिसत नाही."

मामांनी फोन जवळ ओढला. पहिल्यांदा नंबर चुकला. दुसऱ्यांदा लागला.

"साहेब, सही थांबवा," ते म्हणाले. "तो कॉक मी बंद केला होता."